डॉमिनिकातल्या बॉयलिंग लेकला गाईड लागतो का?

प्रश्न असा आहे: न्यू जर्सीहून चार जण कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावर चालले आहेत, हातात तीन पूर्ण दिवस आहेत आणि बॉयलिंग लेकचा ट्रेक करायचाच आहे. "आम्ही सह्याद्रीतली नळीची अवघड वाट चढून हरिश्चंद्रगड केलाय, मग इथे गाईडवर पैसे कशाला घालवायचे? वॉटरप्रूफ बूट घ्यावेत का? उरलेल्या दोन दिवसांत काय करावं?"

गाईड घ्या. नळीची वाट केलेल्यांनी तर घ्याच. आपल्या ट्रेकर मंडळींना हे मी कित्येक वर्षं सांगतोय आणि दर वेळी एकच उत्तर येतं, "आम्हाला वाट सापडते." सापडते, मान्य आहे. पण या ट्रेकमध्ये प्रश्न वाट सापडण्याचा नाहीच.

राजधानी रोझोहून वर लॉदा गावापर्यंत गाडी जाते. गावाच्या पुढे टिटू गॉर्ज नावाची अरुंद घळ आहे, तिथून चालायला सुरुवात. जलविद्युत प्रकल्पाचा जाडजूड पाइप ओलांडला की लगेच जंगल. पहिला तासभर वाट चढउताराची पण सोपी आहे, आडवे ओंडके टाकून केलेल्या पायऱ्या आहेत. यातले झाडाएवढ्या वाढणाऱ्या नेच्याच्या खोडांचे ओंडके खरखरीत असतात, त्यांवर पाय धरतो. साल गेलेल्या गुळगुळीत ओंडक्यावर मात्र पाय द्यायचा नाही, त्याच्या मागच्या मातीत द्यायचा. तासाभरात ब्रेकफास्ट रिव्हर लागते. इथे बाटल्या भरून घ्या, फिल्टर किंवा क्लोरीनची गोळी वापरा. यापुढे पिण्यालायक पाण्याचा भरवसा नाही. माणशी तीन लिटर आणि ओआरएसची दोन पाकिटं हे माझं माप आहे, आणि ते परतीचा चढ धरून आहे.

नदीनंतर खडी चढण, पाऊण ते एक तास. मॉर्न निकल्सचा माथा साधारण 960 मीटरवर, या वाटेवरची सर्वांत उंच जागा. ढग नसतील तर पलीकडे तलावाची वाफ दिसते. इथपर्यंत तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. सह्याद्रीत ढोरवाटा चकवतात. इथे या रानात गुरं चरत नाहीत, त्यामुळे फाटेही फारसे नाहीत. मळलेली एकच वाट आहे. ती कुणीही चालेल.

गाईड लागतो तो माथ्याच्या पलीकडे. तिथून अर्धा तास सरळ खाली, व्हॅली ऑफ डेसोलेशनमध्ये. आपल्याकडच्या घसाऱ्याची, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या उताराची, सवय इथे उपयोगाची नाही, कारण घसाऱ्यात टाच रोवता येते. ही ज्वालामुखीच्या राखेची कुजून झालेली चिकण माती आहे, ओली असताना साबण लावलेल्या फरशीसारखी, आणि ती कोरडी भेटणं दुर्मीळ. पायऱ्या पावसात वाहून जातात, पुन्हा घालतात, पुन्हा जातात. तोंड डोंगराकडे करून शिडी उतरतो तसं उतरावं. एक काठी पुरे, दुसरा हात मुळांना धरायला मोकळा हवा.

खाली पोचलात की झाडी संपते आणि जमिनीचा रंग बदलतो. पिवळं गंधक, गंजासारखे लाल डाग, एक ओहोळ दुधासारखा पांढरा तर शेजारचा काळा. काही भोकांतून वाफ प्रेशर कुकरच्या शिटीसारखी सुटत असते, काहींतून करडा चिखल बुडबुडतो. हे खोरं पार करायला वीसेक मिनिटं लागतात. गाईडचे पैसे या वीस मिनिटांचे आहेत.

कारण सह्याद्रीत तयार झालेली नजर इथे फसते. आपण पाय टाकायला कोरडी, फिकट, सपाट जागा शोधतो, ओलं आणि शेवाळलेलं टाळतो. बरोबरच आहे, पावसाळ्यात कातळावर तसंच करावं लागतं. या खोऱ्यात मात्र फिकट, कोरडा, जरा फुगल्यासारखा दिसणारा पापुद्रा हीच सर्वांत वाईट जागा. खालच्या आम्लयुक्त वाफेने दगडाची माती झालेली असते, वर बोटभर जाडीचं कवच उरतं आणि त्याच्या खाली उकळता चिखल. दिसायला ते पत्र्यासारखं टणक दिसतं, माणसाचं वजन पडलं की भाकरीच्या पापुद्र्यासारखं आत जातं. जाणकार माणूस ओहोळातल्या मोठ्या धोंड्यांवरून चालतो, कडेच्या छान दिसणाऱ्या सपाटीवरून नाही. आणि ओहोळात हात घालण्याआधी तळव्याची मागची बाजू पाण्याच्या वर धरून बघतो, कारण दोन पावलांवरचे दोन ओहोळ, एक गार आणि एक भाजणारा, असं इथे सर्रास असतं. वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसण्याच्या अनुभवावर इथे जाऊ नका.

त्यात ही भोकं जागा बदलतात. जोराचा पाऊस, दरड, छोटासा भूकंप, यांतल्या कशानेही जुनी वाफ बंद होते आणि नवी फुटते. 1880 च्या जानेवारीत याच खोऱ्यात वाफेचा स्फोट झाला आणि राख रोझोपर्यंत पडली. म्हणून मागच्या वर्षीचा जीपीएस ट्रॅक इथे कामाचा नाही. मोबाइलमधली रेघ सांगते की तेव्हा कुणीतरी इथून चाललं होतं. आज खालचं कवच किती जाड आहे हे ती सांगत नाही. ते त्याच माणसाला माहीत असतं जो गेल्या आठवड्यात इथून दोनदा गेलाय.

पाय आत गेला तर काय होतं तेही नीट समजून घ्या, कारण बुटांचं उत्तर त्यातच आहे. उकळता चिखल घोट्यावरून बुटात शिरतो आणि मोज्यात अडकून राहतो. उंच, वॉटरप्रूफ, दुहेरी गाठ मारलेला बूट असेल तर तो काढेपर्यंत कातडी सोलवटते. तेव्हा खोऱ्यात उतरण्याआधी लेसची गाठ एका ओढीत सुटेल अशी ठेवा. पाय आत गेला तर बूट आणि मोजा लगेच काढायचा आणि पाय गार वाहत्या पाण्यात वीस मिनिटं धरायचा. मलम, टूथपेस्ट काही नाही. आता गार ओहोळ कुठला, हे त्या घाईत शोधत बसणार का? आणि तिथून गाडी नाही. भाजलेल्या माणसाला आधी मॉर्न निकल्स चढवायचा आहे, मग पुढचे दोन तास चालवायचा किंवा उचलायचा आहे.

वॉटरप्रूफ बूट तसेही चुकीचेच. ओढ्यात पाणी वरून आत येतं आणि बाहेर जात नाही, दिवसभर पाय भिजत राहतात आणि फोड येतात. पाणी झटकन निघून जाईल असे जाळीचे, खोल खाचांच्या तळाचे हलके बूट घ्या. सुती मोजे नकोत. पूर्ण लांबीची पॅंट हवी, कारण वाटेच्या कडेला पात्यासारखं कापणारं रेझर ग्रास असतं.

खोऱ्यानंतर अर्धा-पाऊण तास आणि तलाव. साधारण 60 मीटर रुंद, करडा-निळा, मध्यभागी खदखदणारा. हे ज्वालामुखीचं विवर नव्हे. वाफेच्या मोठ्या भोकावर पावसाचं आणि ओढ्यांचं पाणी साचून झालेला हा तलाव आहे. काठाचं पाणी 82 ते 92 अंश सेल्सिअस मोजलं गेलंय. काठ ठिसूळ आहे, कठडा नाही. फोटोसाठी पुढे सरकू नका. वाऱ्याची झुळूक आली की वाफ बाजूला होते, तेवढ्यासाठी पंधरा मिनिटं बसायची तयारी ठेवा. 2004 च्या डिसेंबरात तलाव रिकामा झाला होता आणि 2005 मध्ये पुन्हा भरला. पाणी अचानक उतरल्याची बातमी असेल तर जाऊच नका, अशा वेळी वायू आणि स्फोट दोन्हींचा धोका वाढतो.

जेवायला खोलगट जागी बसू नका, जड वायू तिथे साचतात. सडक्या अंड्यांसारखा वास येत राहील, त्याची सवय होईल. वास एकदम यायचा बंद झाला आणि डोकं जड वाटलं तर हवा शुद्ध झाली असं समजू नका, नाक बधिर झालेलं असतं. उठून वर, वाऱ्यावर जा. चांदीचे पैंजण, जोडवी हॉटेलवर ठेवून जा. गंधकाने काळी पडतात.

वेळ: जायला सव्वातीन तास, यायला तेवढेच, तिथे पाऊण तास. म्हणजे आठला निघालात तर सव्वातीनला खाली. मी दुपारी बाराची सीमा पाळतो. बारापर्यंत तलाव आला नाही तर आहे तिथून मागे. डॉमिनिका साधारण मडगावच्या अक्षांशावर आहे, संधिप्रकाश थोडाच वेळ टिकतो; डिसेंबरात पावणेसहाच्या आत सूर्य मावळतो आणि दाट झाडीत त्याआधी अर्धा तास अंधारतं. परतीला खोऱ्यातून मॉर्न निकल्सचा चढ तुमची खरी परीक्षा घेतो. मांड्यांत गोळे येतात ते तिथेच, म्हणून ओआरएसचं दुसरं पाकीट चढाच्या आधी प्या, गोळा आल्यावर नाही.

आता तो जुना वाद. माझा एक ट्रेकर मित्र म्हणतो, गाईड घेणं म्हणजे परावलंबीपणा. मग नळीच्या वाटेला पायथ्याच्या बेलपाड्यातला माणूस बरोबर घेतात, तेव्हा कुणाचा अभिमान दुखावतो? तेव्हा आपण त्याला "मामा" म्हणतो, त्याच्या घरी पिठलं-भाकरी खातो आणि त्याच्यामुळे ट्रेक झाला हे चारचौघांत सांगतो. लॉदातला गाईड हाही तसाच त्या डोंगराचा माणूस आहे. त्याची भाषा क्रिओल आणि इंग्रजी आहे, म्हणून त्याचं ज्ञान कमी होत नाही. हा मुद्दा मित्राला पटला नाही, तुम्हाला पटावा.

गाईड परवानाधारक बघा. ठरवताना तीन गोष्टी विचारा: भाव माणशी की गटाचा, लॉदापर्यंतची गाडी धरून का, आणि डॉलर म्हणजे अमेरिकन की ईसी, म्हणजे तिथला ईस्टर्न कॅरिबियन डॉलर. एका अमेरिकन डॉलरला 2.70 ईसी डॉलर असा बांधलेला दर आहे, त्यामुळे हा घोळ महागात पडतो. सरकारी साइट पास वेगळा लागतो.

उरलेल्या दोन दिवसांबद्दल थोडक्यात. ट्रेकच्या दुसऱ्या दिवशी पाय बोलतात, त्या दिवशी ट्रॅफल्गर धबधबे आणि एमराल्ड पूल. दोन्हीकडे दहा-पंधरा मिनिटं चालायचं. मात्र बंदरात क्रूझ लागलेली असेल तर सकाळी तिकडे फिरकू नका. उरलेला दिवस मिडलहॅम धबधब्याला द्या, साठेक मीटरचा, एका बाजूने तास-सव्वातास. पक्षी बघायचे असतील तर उत्तरेला सिंडिकेटची सपाट, छोटी वाट, उजाडताच. सिसेरू हा डॉमिनिकाच्या झेंड्यावरचा पोपट तिथे कधीमधी दिसतो, आणि त्याचा धाकटा भाऊ जाको बऱ्याचदा. वाइटुकुबुली नॅशनल ट्रेलचा मोह यावेळी आवरा. दक्षिणेच्या स्कॉट्स हेडपासून उत्तरेच्या कॅब्रिट्सपर्यंत 14 टप्पे, सुमारे 185 किलोमीटर आहेत. त्यासाठी दोन आठवडे काढून वेगळं या. त्याच्या पिवळ्या-निळ्या खुणा इतर वाटांवर फिरताना दिसतील. रोझोत संध्याकाळी विंडसर पार्क बघून या, 2023 मध्ये आपल्या मुंबईच्या यशस्वी जैस्वालने पदार्पणात 171 केले ते मैदान.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. गुडघे दुखत असतील, दमा असेल, बरोबर लहान मुलं असतील तर बॉयलिंग लेक करू नका, मिडलहॅम पुरे. क्रूझवरून एका दिवसासाठी उतरणाऱ्यांनीही नको, वेळेचं गणित बसत नाही. जानेवारी ते एप्रिल बरा काळ, जून ते नोव्हेंबर वादळांचा. पण आतल्या डोंगरांत वर्षाला 7000 मिमीच्या वर, म्हणजे आंबोलीच्या तोडीचा पाऊस पडतो आणि तो बारा महिने विभागलेला असतो, तेव्हा कोरड्या महिन्यातही भिजणार. विषारी साप बेटावर नाहीत, ती काळजी सोडा. समुद्रकाठी मात्र छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं असलेलं मॅंचिनील असतं. त्याचं फळ चाखू नका आणि पावसात त्याच्याखाली उभे राहू नका, चिकाने कातडी भाजते.

आणि परत आल्यावर अंगावरचा चिखल धुवायला सगळे टिटू गॉर्जमध्ये उतरतात, तुम्हीही उतराल. पाणी बर्फासारखं गार आणि छान असतं. पण वर डोंगरात पाऊस चालू असेल, पाणी गढूळ व्हायला लागलं असेल किंवा पाला-काटक्या वाहून येत असतील तर आत शिरू नका. घळ हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील इतकी अरुंद आहे, लोंढा आला तर बाजूला व्हायला जागा नाही.