ठाण्यातलं घर विकायच्या आधी एक पावसाळा तिकडे काढा

तुम्ही विचारलंय, दोघांनीही साठी ओलांडली आहे, तर ठाण्याचा फ्लॅट विकून अलिबागजवळ ज्येष्ठांच्या संकुलात घर घ्यावं का. जेवण, नर्स, साफसफाई सगळं तिथेच आहे.

लगेच विकू नका. आम्ही नौपाड्यातलं घर तसंच ठेवून अशाच एका संकुलात दोन महिने भाड्याने राहिलो, तेही मुद्दाम जून-जुलैत. मुंबईहून अलिबागकडे येणाऱ्या गेटवे-मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असतात. अलिबागला प्रवासी रेल्वे नाही, म्हणजे ठाण्याहून पनवेल, पेण, वडखळ असा रस्ता धरायचा. खाऱ्या हवेने खिडकीची कडी गंजून इतकी घट्ट बसली होती की एका हाताने उघडेना, आणि माझ्या दुसऱ्या हातात काठी.

एका रात्री ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. आवारात अ‍ॅम्ब्युलन्स उभी, पण ड्रायव्हर संध्याकाळीच घरी गेलेला. शेजारच्या काकांनी आपल्या गाडीतून जिल्हा रुग्णालयात नेलं. पित्त निघालं, पण ती वीस मिनिटं मी विसरणार नाही. तुम्ही जाल तिथे एवढं विचाराच: रात्री दोन वाजता गाडी कोण चालवणार?

कागद नीट वाचा. फ्लॅट नोंदणी होऊन तुमच्या नावावर होतोय, की डिपॉझिट भरून फक्त राहायचा हक्क मिळतोय? मागे एकच जण उरला तर महिन्याचे पैसे कमी होतात का? उद्या मुलांना तो कोणालाही विकता येईल, की फक्त ज्येष्ठांनाच? देखभाल खर्च सोसायटीच्या सभासदामागे महिना 7,500 रुपयांच्या वर गेला की 18 टक्के जीएसटी लागू शकतो, तोही हिशेबात धरा. महारेराने, म्हणजे राज्यातल्या गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या प्राधिकरणाने, 2024 मध्ये निवृत्तांच्या गृहप्रकल्पांसाठी मानकं दिली आहेत. व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट, न घसरणाऱ्या फरश्या, न्हाणीघरात आधाराचे दांडे हे सगळं स्वतः हात लावून बघा.

आता जेवणघराबद्दल. एकट्या राहिलेल्या चार-पाच जणी रोज एकाच टेबलावर बसायच्या, एकमेकींच्या ताटात लोणचं वाढायच्या. कोणी नाश्त्याला दिसलं नाही की नऊच्या आत दार वाजवायला कोणीतरी जायचंच. ठाण्यात आमच्या मजल्यावर चार दारं आहेत, चारही दिवसभर बंद.

त्या रात्रीनंतर सगळ्या रहिवाशांनी मिळून ड्रायव्हरची रात्रपाळी लावून घेतली. यंदा आम्ही चार महिन्यांसाठी परत जातोय. नौपाड्याची किल्ली लेकीकडे ठेवून.