ढेकर नाही निघाला तरी बाळ खाली ठेवा

इंदिरानगरच्या भाऊंची पोस्ट वाचली. बाळ तीन आठवड्यांचं, फक्त अंगावर पितं, पण ढेकर काही केल्या निघत नाही. ‘ढेकर निघाल्याशिवाय खाली ठेवायचं नाही’ असा सासूबाईंचा हुकूम. म्हणून भाऊ रात्री दोन-अडीचला बाळाला खांद्यावर घेऊन हॉलमध्ये येरझाऱ्या घालतात आणि शेवटी सोफ्यावर बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागतो. विचारलंय, गॅसचे कुठले ड्रॉप चांगले?

ड्रॉपचं नंतर बघू. आधी तो सोफा बंद करा. न निघालेल्या ढेकरापेक्षा बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर झोपणं कितीतरी जास्त धोक्याचं आहे. बाळ घसरून कडेच्या फटीत जातं, नाक दबतं आणि दमलेल्या माणसाला पत्ताही लागत नाही. डोळे जड झाले की बाळ सरळ पाठीवर, सपाट गादीवर, शेजारी मऊ काही नाही. मोहरीची उशीसुद्धा नको, मग कोणी कितीही नाक मुरडो. ‘उताणं ठेवलं तर दूध श्वासात जाईल’ ही भीती आमच्याकडेही होती. पण बाळ उताणं असताना श्वासनलिका वरच्या बाजूला असते आणि अन्ननलिका खाली. वर आलेलं दूध बाळ गिळतं किंवा ओठातून बाहेर टाकतं.

मी डॉक्टर नाही, सातपूरला मशीन शॉपमध्ये असतो. आमच्या घरी ढेकराचं खातं माझ्याकडे होतं, एवढाच माझा अधिकार. तुमच्या बाळाचं काही वेगळं असेल तर तुमच्या डॉक्टरांचं ऐका.

खांद्यावर घेणं, पाठ थोपटणं तुम्हाला येतच असणार. फक्त एक बघा, बाळाची हनुवटी नव्हे, पोट खांद्यावर आलं पाहिजे. माझ्या हाताला मांडीवर बसवणं जास्त जमलं. बाळ किंचित पुढे झुकलेलं, छातीला माझा तळहात, अंगठा आणि पहिलं बोट जबड्याच्या हाडाखाली (गळ्यावर अजिबात नाही), दुसऱ्या हाताने कमरेपासून वर चोळायचं. दोन-तीन मिनिटं. निघाला तर निघाला, नाहीतर झोपवा. चुळबुळ करून कण्हायला लागलं तर पुन्हा उचला, बऱ्याचदा तेव्हाच निघतो.

आता मूळ दुखणं. आमचं खरं नुकसान केलं ते एका दवाखान्याने. नाव लिहीत नाही. डिस्चार्जच्या वेळी हातात एक छापील कागद ठेवला, त्यात पेनाने खूण केलेली: दर पाच मिनिटांनी बाळाला सोडवा, ढेकर काढा, मग परत लावा. अंगावरचं की बाटलीचं, काही फरक नाही, सगळ्यांना एकच कागद. बाटलीने पिताना हवा जास्त जाते हे मान्य. पण अंगावर नीट धरून पिणाऱ्या बाळाच्या पोटात हवा जातेच कमी, मग निघणार काय, कपाळ?

बायको मोबाईलवर टायमर लावून पाजायची. पान्हा फुटलाय, बाळ घटाघटा पितंय, डोळे मिटलेले, मूठ हळूहळू सैल पडतेय, आणि टायमर वाजायचा. करंगळी घालून सोडवायचं. दूध दुपट्यावर उडतंय, बाळ लालबुंद होऊन किंचाळतंय आणि मी पाठ थोपटतोय. रडताना ते हवा गिळायचं. मग त्या हवेचा ढेकर निघाला की आम्हा दोघांना वाटायचं, बघा, कागद बरोबर होता! आजही आठवलं की डोकं फिरतं.

हे एवढ्यावर थांबलं नाही. छाती रिकामी होत जाते तसं दूध जास्त स्निग्ध होत जातं. सारखं सोडवलेलं बाळ चिडतं, दमतं आणि पोट भरायच्या आधीच झोपतं. वजन हवं तसं वाढेना. (पहिल्या तीन महिन्यांत साधारण रोज २० ते ३० ग्रॅम वाढ धरतात.) पुन्हा त्याच दवाखान्यात गेलो. काट्यावर ठेवलं, आकडा लिहिला, चिठ्ठीवर गॅसचे ड्रॉप आणि पावडरच्या डब्याचं कंपनीसकट नाव. बाळ पितं कसं हे पाजताना बघावं असं तिथे एकालाही वाटलं नाही. बाटली सुरू झाली तसं बाळ अंगावर कमी ओढायला लागलं आणि दूध आणखी कमी झालं, कारण ते ओढलं जाईल तेवढंच बनतं. आपल्याकडे १९९२ पासून कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक केला. बाटल्या आणि बाळाच्या पावडरीचा प्रचार करायला बंदी आहे. कायदा फ्रेममध्ये असतो, डबा चिठ्ठीवर. असो.

सुटका झाली ती दिंडोरीकडे, बायकोच्या माहेरी. तिथल्या उपकेंद्राच्या सिस्टर शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, ‘पाजा, मी बघते.’ टायमर बंद करायला लावला. बाळ पिताना टक् टक् आवाज येत होता, तो आम्हाला गोड वाटायचा. त्यांनी सांगितलं, ही पकड सुटतेय, तिथूनच हवा जातेय. तोंड मोठं उघडलं की मगच जवळ घ्यायचं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली. पान्हा जोरात येतो म्हणून बायकोला मागे रेलून पाजायला सांगितलं, आणि पहिली धार फडक्यात जाऊ द्यायला. ढेकर एक बाजू संपली की, किंवा बाळाने स्वतःहून सोडलं की, एवढंच. पावडर लगेच तोडली नाही, वजन बघत बघत हळूहळू उतरवली. तुमच्याकडे चालू असेल तर तुम्हीही एकदम बंद करू नका.

घरच्या मोठ्यांना पटवायला हे उपयोगी पडेल: चंदीगडमध्ये ७१ आई-बाळांच्या जोड्यांवर एक चाचणी झाली, २०१५ मध्ये ती छापून आली. निम्म्या आयांना ढेकर काढायला शिकवलं, निम्म्यांना नाही. तीन महिन्यांत पोटदुखीच्या रडण्यात म्हणावा असा फरक नाही, उलट ढेकर काढणाऱ्या गटात बाळं गुळण्या जास्त टाकत होती. अभ्यास लहान आहे, त्यावरून ढेकर काढूच नका असं मी म्हणणार नाही. पण रात्र जागवण्याइतकं त्यात काही नाही. आमच्या सासूबाईंना अभ्यास पटला नाही, जावई झोपलेला बघून पटलं.

ड्रॉपविषयी: त्यात बहुधा सिमेथिकॉन असतं. रडणाऱ्या बाळांवरच्या चाचण्यांत ते साध्या पाण्यासारख्या ड्रॉपपेक्षा सरस ठरलेलं नाही. डॉक्टरांनी लिहिलं असेल तर त्यांना विचारा, मेडिकलवाल्याला नको. ग्राइप वॉटर, वेखंड उगाळून, मधाचं बोट, सगळ्याला नाही म्हणा. मध तर वर्षाच्या आत अजिबातच नाही. संध्याकाळचं रडणं साधारण सहाव्या आठवड्याला शिगेला जातं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. दीड महिन्याची लस नेमकी तेव्हाच येते, म्हणून सगळे लसीला बोल लावतात. तुम्ही लस चुकवू नका.

गुळणी टाकून बाळ हसत असेल तर ते कपडे धुण्याचं काम आहे, आजार नाही. जुन्या सुती धोतराचे तुकडे खांद्यावर टाकायला उत्तम, पावसाळ्यातही लवकर वाळतात. मात्र उलटी हिरवी असेल, प्रत्येक पाजण्यानंतर लांब फेकली जात असेल, रक्त दिसलं, दिवसभरात सहापेक्षा कमी लंगोट ओले झाले, बाळ प्यायलाच उठेना किंवा ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला, तर ढेकर, ड्रॉप, आमच्यासारख्यांची उत्तरं सगळं सोडून तडक दवाखाना. रात्र असली तरी.

भाऊ, दोन गोष्टी कळवा: पिताना टक् टक् आवाज येतो का, आणि शेवटचं वजन कधी, किती होतं. आणि वहिनींना पाजताना दुखतं का तेही विचारा. दुखत असेल तर पकड आधी बघून घ्या, ढेकराचं नंतर.