आठवड्यातला एक तास

बिबवेवाडी, पुणे

चि. पोरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

सर्वेक्षणाच्या कामावर रुजू होते आहेस हे कळलं, बरं वाटलं. नेमणूक कंत्राटी आहे हेही कळलं. लोकांना रोजगाराबद्दल विचारणारी माणसंच कंत्राटावर! असो. तू विचारलंस, "काका, देश पुढे चाललाय म्हणतात, मग आमच्या घरात तसं का वाटत नाही?" मी आयुष्यभर दारोदार फिरून प्रश्नावल्या भरल्या, तेव्हा उत्तरही उंबऱ्यावरूनच देतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी पर्वतीच्या पायथ्याशी एका घरी गेलो होतो. बाईंना विचारलं, घरात काम कोण करतं? म्हणाल्या, "हे करतात. मी घरीच असते." मी 'घरकाम' लिहून मोकळा झालो. एवढा वेळ त्या दुकानदाराने टाकलेल्या साड्यांना फॉल लावत माझ्याशी बोलत होत्या, दिवसाला सहा-सात साड्या. साहेबांनी लाल पेनाने माझी नोंद खोडली आणि विचारलं, तू बघत कुठे होतास? त्याच गल्लीत बारावी होऊन बसलेला एक मुलगा होता. काम मिळेना म्हणून संध्याकाळी चुलत्याच्या टपरीवर उभा राहायचा, बिनपगारी. व्याख्येप्रमाणे तोही कामावर. साप्ताहिक व्याख्येत मागच्या सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास काम केलं तरी माणूस रोजगारात धरतात. वर्षभराच्या व्याख्येत जोडकाम महिनाभर केलं असलं तरी पुरतं. साड्यांची बाई आणि टपरीवरचा पोरगा, दोघांची बेरीज एकाच रकान्यात.

आता हे लक्षात ठेवून आकडे वाच. केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणात (कोण काम करतं, कोण शोधतं, ते घरोघरी विचारणारी पाहणी) बेरोजगारी २०१७-१८ मध्ये ६.१ टक्के होती, २०२३-२४ मध्ये ३.२ टक्के. पेपरात एवढंच छापून येतं. त्याच अहवालात, काम करणाऱ्यांमध्ये स्वयंरोजगारवाले (टपरीवरच्या पोरासारखे बिनपगारी हातही यातच) ५२.२ टक्क्यांवरून ५८.४ टक्क्यांवर गेले आणि नियमित पगारवाले २२.८ वरून २१.७ वर उतरले. शेतीवर असलेले लोक २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होते, ते २०२३-२४ मध्ये ४६.१ टक्के झाले. देश श्रीमंत होतो तेव्हा माणसं शेतातून कारखान्यात जातात, असं आम्हाला शिकवलं होतं. इथे उलट्या दिशेने गेली. २०२० च्या टाळेबंदीत चाकण-भोसरीच्या खोल्या रिकाम्या करून जी पोरं गावी गेली, त्यातली सगळी काही परतली नाहीत. गावी त्यांना 'काम' आहेच: दोन एकरात आधी बाप राबायचा, आता बाप आणि दोन मुलगे.

सरासरीचंही असंच. २०२३-२४ चं आपलं देशांतर्गत उत्पादन, म्हणजे जीडीपी, चालू किमतींना (महागाई न वगळता) ३०० लाख कोटी रुपयांच्या आसपास. १४० कोटी लोकांत वाटलं तर चौघांच्या घराला महिन्याला सत्तर हजार येतात. तुझ्या घरी येतात का? त्याच वर्षीच्या घरखर्चाच्या पाहणीत शहरातला माणशी मासिक खर्च सुमारे सात हजार निघाला, म्हणजे चौघांचे अठ्ठावीस हजार, आणि तीही सरासरीच. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पहिल्यात कंपन्यांचा नफा येतो, यंत्रांची झीज येते, सरकारचा खर्च येतो, तुझ्या वडिलांचा पगारही येतो. फक्त कोणाचा वाटा किती, ते त्यातून कळत नाही.

आपल्या पुण्याला हा प्रश्न नवा नाही. मार्च १९०२ मध्ये कलकत्त्याच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर चर्चा होती. तिजोरीत सात कोटींची शिल्लक, त्यामुळे अर्थसदस्याचं, म्हणजे इंग्रज सरकारचं अर्थखातं सांभाळणाऱ्याचं, अभिनंदन चाललेलं. फर्ग्युसनचे गोपाळ कृष्ण गोखले उठले आणि म्हणाले, मला मनापासून अभिनंदन करता येत नाही. दुष्काळाने लोक पिचलेले असताना तिजोरी तुडुंब भरते, याचा अर्थ लोकांची स्थिती आणि तिजोरीची स्थिती यांचा मेळच राहिलेला नाही. मग रुपयाचा भाव १३ पेन्सांवरून (पेन्स म्हणजे इंग्रजी नाणं) १६ पेन्सांवर चढवल्यामुळे विलायतेला पाठवायची रक्कम कमी रुपयांत भागते आणि ही शिल्लक दिसते, ते त्यांनी मांडलं. पुढच्या वर्षी मिठावरचा कर मणाला अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला. त्यांना आकडे समजावून देणारे गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शाळेतले हेडमास्तर होते, हे मला फार आवडतं. आणि गोखल्यांच्या हातात आकडे सरकारचेच होते.

तूही तेच कर. उगाच 'सगळे आकडे खोटे' म्हणत फिरू नकोस. कट्ट्यावर बसून तसं म्हणणं सोपं असतं. केंद्राचा २०२४-२५ चा आर्थिक पाहणी अहवालच सांगतो की २०२३-२४ मध्ये मोठ्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला आणि नोकऱ्या १.५ टक्क्यांनी. याहून जास्त मी काय सांगू? उलट बाजूही लिहायला शीक. १९९९-२००० मध्ये खेड्यातलं घर शंभरातले एकोणसाठ रुपये खाण्यावर घालवायचं, २०२२-२३ मध्ये सेहेचाळीस. पूर्वी मी ज्या घरांत चुलीच्या धुरात डोळे पुसत प्रश्न विचारले, तिथे आता गॅस आहे. हे खोटं नाही. पण गॅस आला म्हणून पगार वाढला असं होत नाही, आणि तुझा प्रश्न पगाराचा आहे.

एक तासाची गोष्ट ऐकून आपलं काम फालतू आहे असंही समजू नकोस. त्याच प्रश्नावलीत पुढे विचारतात: रोज किती तास काम केलं, मिळकत किती, लेखी करार आहे का, पगारी रजा मिळते का. हे रकाने बातमीत येत नाहीत आणि अन्वेषक, म्हणजे घरोघरी प्रश्न विचारणारा, कंटाळला की हेच आधी मारून नेले जातात. पंधरावं घर, पाय दुखताहेत, समोरचा माणूस जेवायला बसलाय, अशा वेळी 'करार नाही' असं मनानेच लिहायचा मोह होतो. मीही लिहिलं आहे. ज्याच्याकडे करार होता त्याचा मी नाहीसा केला असेन.

बायकांना 'काम करता का' असं विचारू नकोस. काल सकाळपासून काय काय केलं ते विचार, आणि हातांकडे बघ.

रुजू व्हायच्या आधी एकदा वारज्याच्या मजूर अड्ड्यावर जा. सकाळी सातला पोच. गवंडी, बिगारी, डबे घेतलेल्या बायका, सगळे असतात. टेम्पो थांबतो, चौघांना घेऊन जातो. घाई करू नकोस, चहा घे आणि दहापर्यंत थांब. दहानंतर जे उरतात त्यांचा तो दिवस बुडालेला असतो. त्यांना विचार, या आठवड्यात किती दिवस भरले? कोणी म्हणेल दोन, कोणी एक. तोही कामावरच.

तुझा,
काका