मैदानाच्या कडेवरून : नॅशनलला निघालेली तीन पोरं

बाई, आष्टी तालुक्यात आमचा लहानसा ॲथलेटिक्स क्लब आहे. क्लब म्हणजे काय, झेडपी शाळेचं ग्राउंड, फक्कीने आखलेला 200 मीटरचा ट्रॅक आणि मी. सकाळी डेअरीवर दूध घालून मी पोरांना पळवतो. यंदा पहिल्यांदाच आमची तिघं महाराष्ट्राच्या संघातून ज्युनिअर नॅशनलला चाललीत. एक मुलगा 400 मीटरचा, एक मुलगी 800 ची आणि एक मुलगी लांब उडीची. सिंथेटिक ट्रॅकवर तिघांनी पाय ठेवला तो फक्त राज्य स्पर्धेला. तीन आठवडे हातात आहेत. वेग वाढवायला काय करून घेऊ?
*— एक प्रशिक्षक, ता. आष्टी, जि. बीड*

आधी अभिनंदन. मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे तुमच्याच तालुक्यातला, त्यामुळे गावात लोक काय काय बोलत असतील ते मला इथे बसून ऐकू येतंय. त्यांना बोलू द्या.

वेगाचं मात्र डोक्यातून काढा. तीन आठवड्यांत वेग वाढत नाही, मांडीचा स्नायू तेवढा ओढला जातो. तुमची पोरं निवडली गेली ती आहे त्या वेगावर. मी कित्येक वर्षं स्टार्टर म्हणून पिस्तूल हातात घेऊन उभी राहिले आहे. खेड्यातली पोरं ताकदीत कमी पडून हरताना मी क्वचित पाहिली. जे आयुष्यात कधी बघितलं नाही ते ऐन वेळी समोर आलं की ती गोंधळतात. तेव्हा या तीन आठवड्यांत तेवढं दाखवून टाका.

400 वाल्यापासून सुरू करू. तुमच्या ट्रॅकवर तो दोन फेऱ्या मारतो, म्हणजे चार वळणं. तिथे एकच फेरी, दोनच मोठी वळणं. त्यात लेन आठवी आली तर तो पहिल्या लेनवाल्यापेक्षा 53.03 मीटर पुढून सुटणार. पुढे कुणी दिसत नाही, मागचे कुठे आहेत कळत नाही, आणि पोरगं मान वळवतं. मान वळली की खांदा वळतो, खांद्यामागून पाय. त्याला रोज एकट्याला पळवा, कुणाच्या पाठलागाविना, आणि 200 ला किती सेकंद झाले ते ओरडून सांगा. स्वतःच्या वेळेवर पळायची सवय झाली की लेन कुठलीही येवो.

ब्लॉकचंही तसंच. 400 पर्यंतच्या शर्यतींना ब्लॉक, म्हणजे सुटताना पाय रोवायचा ठोकळा, लागतोच. गावात नसेल तर सुताराकडून लाकडी ठोकळे करून खिळ्यांनी जमिनीत ठोका. दोन फळ्या आपटून स्टार्ट द्या, पण ‘सेट’ आणि आवाज यांतलं अंतर दर वेळी बदला. तुम्ही एकाच ठेक्यात फळ्या वाजवत असाल, तर पोरगं आवाजावर न सुटता ठेक्यावर सुटतं. 2010 पासून पहिल्याच फॉल्स स्टार्टला बाहेर काढतात. मी काढलंय पोरांना बाहेर. दोन रात्री रेल्वेत काढून आलेलं पोर एक पाऊल न पळता परत जातं, तेव्हा त्याच्याकडे बघवत नाही.

800 वालीला ब्रेक लाइन समजावून सांगा. गावात सगळ्या एका रेषेवरून सुटतात आणि आतल्या कडेला धावतात. तिथे पहिलं वळण आपापल्या लेनमध्ये, मग ट्रॅकवर आडवी वक्र रेषा येते, तिच्यापुढे आत यायचं. आधी आत घुसली की बाद. आत येतानाही काटकोनात वळू नये, समोरच्या वळणाकडे तिरकं जावं. तुमच्या ग्राउंडवर फक्कीने तशी रेष मारा आणि आणखी चार मुलींना बरोबर घेऊन सराव करा. कोपर लागतं, ते लागू द्या.

हीट्सबद्दल, म्हणजे फायनलआधीच्या फेऱ्यांबद्दल, दोघांनाही सांगा. प्रत्येक हीटमधले पहिले काही थेट पुढे जातात, उरलेल्या जागा वेळेवर भरतात. आपण चौथे आहोत, आता काय उपयोग, म्हणून शेवटच्या दहा मीटरला हात सोडणारी पोरं दर स्पर्धेत दिसतात. त्यातलं एखादं त्याच दहा मीटरमुळे फायनल हुकतं.

उडीवालीचा रनअप मुरमावर मोजलेला असेल. सिंथेटिकवर पाऊल लांब पडतं आणि ती फळीपलीकडे जाते. आता पायाचं बोट फळीच्या पुढच्या कडेला ओलांडून गेलं की लाल झेंडा. पहिल्या आठांत आली नाही तर तिला तीनच उड्या मिळणार. म्हणून पहिली उडी अर्ध्या फळीवरून का होईना, पण पांढऱ्या झेंड्याची. रनअप पावलांनी मोजू नका, टेपने मोजा. खूण म्हणून चिकटपट्टी बरोबर द्या, खडूने रेघ मारू देत नाहीत.

एवढ्यासाठी दोन दिवस काढून बालेवाडीला जाऊन या. आधी फोन करून परवानगी घ्या. दोनच सत्रं करा, जास्त नको, नाहीतर नडग्या आणि पोटऱ्या धरतील. स्पाइक्स, म्हणजे तळाला टोकदार पिना असलेले बूट, तेव्हाच घालून बघा. नवीन जोड नॅशनलला पहिल्यांदा घालायचा नाही. पिना नियमाप्रमाणे सिंथेटिकवर 9 मिलिमीटरपर्यंत चालतात, पण काही ट्रॅकवाले त्याहून आखूड मागतात, तेव्हा आखूड पिनांचा संच आणि पाना पिशवीत असू द्या.

राहिली कॉल रूम, म्हणजे शर्यतीआधी खेळाडूंना बसवतात ती खोली. माझ्या मते पोर सगळ्यात जास्त तिथेच खचतं. वॉर्मअप झाल्यावर नंबर, स्पाइक्स, बॅग तपासतात, मोबाइल काढून घेतात आणि बाकावर बसवून ठेवतात. तुम्ही बाहेर. शेजारी दुसऱ्या राज्याची उंच पोरं, हिंदीत नाहीतर हरयाणवीत बोलणारी. घरीच याची रंगीत तालीम करा. वॉर्मअप करून पोराला शाळेच्या व्हरांड्यात वीस मिनिटं गप्प बसवा, तुम्ही निघून जा, मग थेट स्टार्टला बोलवा. पहिल्या दिवशी ती चिडतील. चालायचंच.

बाई, मी नववीत आहे. नॅशनलच्या तारखांनाच माझी पाळी येणार असं वाटतंय. मैत्रीण म्हणते पुढे ढकलायची गोळी घे. आमच्या सरांना सांगायला लाज वाटते.
*— एक खेळाडू*

पोरी, स्पर्धेच्या तोंडावर पहिल्यांदाच तसली गोळी घेऊ नकोस. कुणाला मळमळतं, कुणाचं पोट फुगतं, कुणाचं डोकं दुखतं; तुला काय होईल ते मैत्रिणीला ठाऊक नाही. फारच त्रास होत असेल तर आईला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे जा आणि खेळाडू आहेस हे त्यांना सांग. यापुढे पाळीच्या दिवसांतही सराव कर, म्हणजे त्या दिवसांत अंग कसं चालतं ते तुला कळेल. गडद रंगाची शॉर्ट आणि नेहमी वापरतेस तेच पॅड जास्तीचे घे, परगावी मिळतील या भरवशावर राहू नकोस. सरांना थेट सांगवत नसेल तर संघाबरोबरच्या मॅनेजरबाईंना सांग.

आणि सरांनो, तुमच्यासाठी : मुली पळवायच्या असतील तर हा विषय तुम्हीच काढायला हवा. त्यांनी का म्हणून?

मुलगा भालाफेक करतो. जिमवाल्याने प्रोटीनचा डबा आणि ‘रिकव्हरीचं’ इंजेक्शन सुचवलं आहे. द्यावं का?
*— एक पालक, फलटण*

नाही. इंजेक्शन तर मुळीच नाही. नाडाचे, म्हणजे उत्तेजक द्रव्यं तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे, लोक ज्युनिअर स्पर्धेतही नमुने घेतात, आणि शरीरात काय सापडलं याचा जबाब खेळाडूलाच द्यावा लागतो. जिमवाला तेव्हा तिथे नसतो. डब्यात लेबलवर नसलेलंही काही निघू शकतं. खोकल्याच्या औषधाचंही बघा. आपल्याकडच्या बऱ्याच सिरपांत टर्ब्युटालिन असतं, ते बंदीच्या यादीत आहे. तेव्हा मेडिकलमधून बाटली उचलण्याआधी घटक वाचा.

प्रवासाला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि घरचं पाणी द्या. स्टेशनवरचे वडे परतीच्या वाटेवर.

मुलगी अकरावीत, नॅशनलला सातवी आली. घरचे म्हणतात, पदक नाही तर आता अभ्यास कर. पुढे काही आहे का यात?
*— एक आई, दहिवडी*

देशात सातवी आली, आणि घरात सुतक? तुमच्याच माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर आधी मॅरेथॉन पळायची. स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीकडे, ती वळली 2014 च्या सुमारास, पंचविशीत. त्याच वर्षी इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत कांस्य आणि 2016 ला रिओत ऑलिंपिकची फायनल. साबळेने स्टीपलचेस धरली ती सैन्यात गेल्यावर, 2017 मध्ये. सोळा-सतराव्या वर्षीच्या निकालावर लांब पल्ल्याच्या धावपटूचं काही ठरवू नये. तुम्ही तिचा प्रकार कळवला नाहीत. तो 100 मीटर असेल तर माझं उत्तर थोडं वेगळं असेल, पुन्हा लिहा.

अभ्यास तर करायचाच, तो पदक मिळालं असतं तरी चुकला नसता. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण कुठल्या स्पर्धेतला कितवा क्रमांक कुठल्या पदाला चालतो याचे नियम आहेत आणि प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी करून घ्यावी लागते. सातव्या क्रमांकाचं काय होतं ते जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन विचारा. जाताना मूळ प्रमाणपत्र, निकालपत्रक आणि निवडीचं पत्र, तिन्हींच्या झेरॉक्स न्या. मूळ कागद कुणाच्याही हातात ठेवून येऊ नका.