बोटीवर नेव्हिगेशनसाठी लाखाचा टॅब घ्यायचा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचे एक वाचक, अंबडला कंपनीत नोकरी, हातात ६८ हजार येतात, घरखर्च ३८ हजार, होमलोनचा हप्ता १७ हजार, बँकेत ९० हजारांची एफडी. दोन मित्रांसोबत मांडव्याला एक जुनी २४ फुटी शिडाची बोट घेतलीय, सीझनमध्ये महिन्यातून दोनदा जातात. नेव्हिगेशनसाठी टॅब हवाय. १ लाख ५ हजारांचा आयपॅड प्रो नो कॉस्ट ईएमआयवर घेऊ, एफडी मोडून वायफायवाला साधा आयपॅड घेऊ, की २४ हजारांचा अँड्रॉइड घेऊ? आणि दुकानदार प्रोटेक्शन प्लॅन घ्या म्हणतोय तो घेऊ का?

आधी एक गोष्ट सांगतो, कारण इथे पैसे थेट पाण्यात जातील. वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं. ते फक्त सिमकार्डवाल्या सेल्युलर मॉडेलमध्ये असतं, सिम टाकलं नाही तरी चालतं पण मॉडेल तेच लागतं. घरात वायफायवर नकाशा बरोबर दिसतो म्हणून फसायला होतं, समुद्रात गेल्यावर तुमची बोट स्क्रीनवर सापडणारच नाही. वेगळा ब्लूटूथ जीपीएस रिसीव्हर जोडता येतो पण मग वाचवलेले पैसे तिकडे गेले आणि चार्ज करायला अजून एक वस्तू वाढली. म्हणजे दुसरा पर्याय कटाप. अँड्रॉइडमध्ये बऱ्याच वायफाय टॅबला जीपीएस असतं, सगळ्यांना नाही, तेव्हा बॉक्सवर वाचून घ्या.

आता लाखाचा आयपॅड. हप्ता ८,७५० पडतो आणि तुमच्याकडे सगळं जाऊन महिन्याला १३ हजार उरतात, म्हणजे वर्षभर हातात ४,२५०. नो कॉस्ट म्हणजे फुकट नाही हो, बँक व्याज लावतेच, तेवढी सूट दुकानदार आधी देतो, पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुमच्याच बिलात येतो, वर प्रोसेसिंग फी, आणि रोखीत मिळणारं डिस्काउंट बहुतेक वेळा जातं ते वेगळं. एखादा हप्ता चुकला तर क्रेडिट कार्डाचं व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी सुरू होतं. एफडीला तर हातच लावू नका. घरखर्च आणि हप्ता मिळून ५५ हजार होतात, तुमचे ९० हजार म्हणजे दीड महिन्याची सोय, ती निदान सहा महिन्यांची हवी. मला टॅबपेक्षा याची काळजी जास्त वाटते, खरंच.

आणि बोटीवरचा टॅब ही टिकणारी वस्तू धरूच नका. मी एकदा फेब्रुवारीत एका क्लायंटसोबत मांडव्याहून बाहेर गेलो होतो, टॅब सुकाणूजवळ उन्हात ठेवलेला, अर्ध्या तासात तापला म्हणून मेसेज आला आणि स्क्रीन काळी. आयपॅडसाठी तर अ‍ॅपलच ३५ डिग्रीपर्यंत वापरा म्हणतं, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये उघड्या बोटीवर तेवढं सहज होतं. शिंतोडे उडाले की टच वेड्यासारखा वागतो, नकाशा आपोआप झूम होतो. बॉक्सवर आयपी६८ (म्हणजे पाणी-धूळ आत जात नाही असं रेटिंग) लिहिलेलं असलं तरी ती टेस्ट गोड्या पाण्याची असते, खारं पाणी चार्जिंगच्या भोकात गेलं की पिना गंजतात. हे लाखाच्या टॅबलाही होतं आणि चोवीस हजाराच्याही. तीन सीझन टिकला, सीझनला सोळा फेऱ्या धरल्या, तर आयपॅड प्रो एका फेरीला जवळजवळ २,२०० रुपयांना पडतो. स्वस्तातला पाचशेला.

म्हणून मी म्हणेन २४ हजारांचाच घ्या, वर ३ हजारांचं वॉटरप्रूफ कव्हर, २ हजारांचा स्टँड, २ हजारांची पॉवरबँक. झाले ३१ हजार. पण हे तुम्ही एकट्याने का भरताय? बोट तिघांची, टॅब बोटीचा, मग खर्चही तिघांचा, हे तुमच्या प्रश्नात कुठेच दिसलं नाही. सीझन ऑक्टोबरला सुरू होतो, अजून चार महिने आहेत, तिघांनी प्रत्येकी महिना २,६०० बाजूला काढले तर ३१,२०० जमतात, ना ईएमआय ना एफडी. तेच पुढे महिना पाचशे-पाचशे चालू ठेवा, बोटीला काही ना काही लागतंच.

घ्यायला एमजी रोडला जाल तेव्हा भर दुपारी जा, टॅब दुकानाच्या बाहेर उन्हात आणून बघा. बोटीवर घालता तो गॉगल बरोबर न्या, पोलराइज्ड असेल तर टॅब आडवा-उभा फिरवून बघा, काही स्क्रीन एका बाजूने पार काळ्या दिसतात. नेव्हिगेशनचं अ‍ॅप नेव्हिऑनिक्सचं असेल तर वर्षाचं सबस्क्रिप्शन हिशोबात धरा, ओपनसीपीएन असेल तर चार्ट (समुद्राचे नकाशे) वेगळे मिळवावे लागतात. नकाशे घरी वायफायवरच डाउनलोड करा. तेच अ‍ॅप तुमच्या जुन्या मोबाईलवरही टाका आणि तो पाऊचमध्ये सील करून खाली केबिनमध्ये ठेवा, एक महाग टॅब बंद पडण्यापेक्षा दोन स्वस्त वस्तू बरोबर असलेल्या बऱ्या. डेहराडूनच्या नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिसचा कागदी चार्टही घ्या. उधाणाला मुंबई बंदरात पाणी चार-पाच मीटरने वरखाली होतं, सकाळी ज्या खडकावरून आरामात गेलात तो दुपारी कुठे आहे हे बंद स्क्रीन सांगणार नाही. आणि तिघांची लाइफ जॅकेटं, व्हीएचएफ रेडिओ (बोटीवरून मदत मागायचा वायरलेस) झालेत ना? नसतील तर पहिले २,६०० तिकडे, टॅब एक महिना उशिरा आला तरी चालेल.

प्रोटेक्शन प्लॅनचं म्हणाल तर कागदावर पाण्याने झालेलं नुकसान धरलंय का एवढं वाचा, खाऱ्या पाण्याचंही धरलंय का ते बघा. नसेल तर घेऊ नका, ते पैसे बोटीच्या डब्यात टाका.