वेधनातला गाभा

प्रश्न असा आहे : प्राचीन त्रिभुज प्रदेशांचे निक्षेप, म्हणजे साचलेले गाळाचे थर, अभ्यासताना भूवैज्ञानिक वेधन करून खडकाचा जो दंड वर काढतात त्याला 'नमुना' म्हणावे की 'गाभा', आणि आउटक्रॉपला, म्हणजे जमिनीवर उघड्या पडलेल्या खडकाला, काय म्हणावे?

नमुना तर नव्हेच. हा शब्द या संदर्भात वाचून वाचून वीट आला आहे. नमुना उलटा धरला तरी नमुनाच राहतो, वेधनातला दंड उलटा धरला की अर्थाचा अनर्थ होतो. नदीमुख समुद्रात पुढे सरकते तेव्हा खोल पाण्यातल्या चिखलावर आधी बारीक आणि मग भरड वाळू साचते, आणि तिच्यावर मुळांच्या खुणा किंवा दलदलीतला कोळसा आढळला तर तेथे पाण्याची जागा जमिनीने घेतली हे कळते. सगळी साक्ष या क्रमातच असते.

'गाभा' आला तो संस्कृत 'गर्भ' आणि प्राकृत 'गब्भ' यांच्या वाटेने; गर्भागाराचा गाभारा आणि गर्भिणीची गाभण झाली ती याच वाटेने. पृथ्वीच्या केंद्रभागालाही गाभा म्हणतात, म्हणून घोटाळा होईल, असे काही परिभाषाकार बजावतात. त्यांनी केळीचा गाभा पाहिलेला नसावा. तो गोळा नसतो. सोपटे सोलत गेल्यावर हाती लागणारा उभा, लांब दंडच असतो. माझे तर मत असे की दंडाचा अर्थच मराठीच्या अंगचा आहे आणि गोलाच्या केंद्राचा अर्थ पाठ्यपुस्तकांनी मागाहून चिकटवला आहे. एवढे करूनही ज्यांना धास्ती वाटते त्यांनी 'वेधनगाभा' म्हणावे.

आउटक्रॉपला 'दृश्यांश' हा पारिभाषिक शब्द आहे आणि तो चोख आहे. गाभ्याची रुंदी काही सेंटिमीटरच असल्याने नदीची जुनी पात्रे किती रुंद होती हे त्यावरून ठरत नाही. उलट अमेरिकेच्या यूटा राज्यातील बुक क्लिफ्सच्या कड्यांत क्रिटेशस काळातले किनाऱ्याचे आणि त्रिभुज प्रदेशांचे वालुकाश्म कित्येक किलोमीटर सलग पाहता येतात. मात्र दृश्यांशातले मऊ शेल, म्हणजे चिखलापासून बनलेले पापुद्र्यांचे खडक, झिजून ढासळलेल्या दगडमातीखाली झाकले जातात, आणि ते अखंड मिळतात गाभ्यातच. म्हणूनच उत्तर समुद्राच्या तळाखालील ब्रेंट गट नावाच्या खडकथरांचे गाभे वाचणारे भूवैज्ञानिक इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या किनाऱ्यावरील मध्य जुरासिक काळाच्या कड्यांशी ते ताडून पाहतात.