सिद्धांत सिद्ध झाला की त्याचा नियम होतो का?

एका ताईंचा प्रश्न आलाय, त्यांची मुलगी यंदा नववीत गेली, सेमी इंग्लिशला आहे, म्हणजे वर्गात सायन्स इंग्रजीतून आणि घरी आजोबा समजावतात ते मराठीतून. तिला पडलेला प्रश्न असा: "नियम मोठा की सिद्धांत मोठा? थिअरी म्हणजे अजून पक्कं न झालेलं आणि लॉ म्हणजे पक्कं झालेलं असं क्लासमध्ये सांगितलं, पण मराठीत तर थिअरीला सिद्धांत म्हणतात, आणि सिद्धांत म्हणजे सिद्ध झालेलं. मग खरं कोणतं?" ताईंना यातला शब्दाचा भाग हवाय, पण हा प्रश्न नुसता शब्दाचा नाहीये, फिजिक्स शिकायला सुरुवात करताना मुलं जिथे सगळ्यात जास्त अडखळतात नेमकी ती जागा आहे ही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. सिद्धांताचं प्रमोशन होऊन नियम होत नाही, कधीच होत नाही. दोघांची कामं वेगळी आहेत. काय घडतं ते नियम सांगतो, का घडतं ते सिद्धांत सांगतो. क्लासमध्ये जी शिडी शिकवतात ना, खाली अंदाज, मग थिअरी आणि वरच्या पायरीवर लॉ, ती शिडीच चुकीची आहे.

आता घोळ कुठून येतो बघू. "थिअरी" हा शब्द आपण मराठीत रोज वापरतो आणि निदान दोन वेगळ्या अर्थांनी वापरतो. एक कॉलेजातला, थिअरी आणि प्रॅक्टिकल, म्हणजे पुस्तकातलं ते थिअरी आणि लॅबमधलं ते प्रॅक्टिकल, यातूनच "नुसती थिअरी नको, काम करून दाखव" असं आपण म्हणतो. दुसरा गप्पांमधला, "माझी थिअरी अशी आहे की त्याने मुद्दामच फोन उचलला नाही", म्हणजे चक्क अंदाज. या दोन्हींचा विज्ञानातल्या थिअरीशी फारसा संबंध नाही, पण पोराच्या कानावर दिवसभर हेच दोन अर्थ पडतात, त्यामुळे सापेक्षतेची थिअरी म्हटलं की त्याला वाटतं आइन्स्टाइनने एक अंदाज केला होता, अजून नक्की व्हायचाय.

मराठीतला "सिद्धांत" बरोबर उलट्या बाजूला झुकवतो. सिद्ध अधिक अंत, ज्याचा शेवट सिद्ध झालाय असा. त्यात शाळेच्या भूमितीत पायथागोरसचं प्रमेय कुणी प्रमेय म्हणतं कुणी सिद्धांत, आणि ते तर कागदावर पायरी पायरीने सिद्ध करतात, एकदा झालं की झालं, उद्या कुठला काटकोन त्रिकोण येऊन ते खोटं पाडेल ही भीती नाही. तोच शब्द पुढच्या तासाला फिजिक्समध्ये आला की मुलाला वाटणारच की हाही तसाच कायमचा सिद्ध. तर इंग्रजीतून आलं की थिअरी कच्ची वाटते आणि मराठीतून आलं की सिद्धांत अटळ वाटतो, आणि सेमी इंग्लिशच्या पोरांना दोन्हीकडून एकदम धक्के. नववीतल्या मुलीने हे पकडलं याचं मला खरंच कौतुक वाटतं.

पण गंमत म्हणजे जुन्या वापरात सिद्धांत हा शब्द एवढा अटळ नव्हताच. न्यायशास्त्रात (कायद्याचं नव्हे, वाद आणि तर्क कसा करायचा याचं आपलं जुनं शास्त्र) सोळा पदार्थ सांगितलेत (पदार्थ म्हणजे इथे खायचे नाहीत, चर्चेचे विषय), त्यात सिद्धांत सहावा येतो आणि निर्णय नववा. मधे अवयव (म्हणजे युक्तिवादाचे भाग) आणि तर्क आहेत. म्हणजे सिद्धांत ही चर्चेसाठी आपण स्वीकारलेली भूमिका, आणि निर्णय ही वेगळी, नंतरची गोष्ट. शिवाय सिद्धांताचे चार प्रकार केलेत, त्यात एक प्रतितंत्र सिद्धांत, जो एका मताचे लोक मानतात आणि दुसऱ्या मताचे मानत नाहीत, आणि एक अभ्युपगम सिद्धांत, म्हणजे अजून तपासलेलं नाही पण पुढे काय निघतं ते बघण्यापुरतं मानून चालू या. हे वाचलं तेव्हा मी चकित झालो होतो, कारण हायपोथेसिसला, म्हणजे तपासून बघण्यासाठी मांडलेल्या अंदाजाला, इतका जवळचा विचार "सिद्धांत" याच नावाखाली बसलाय.

ज्योतिषातही तेच, म्हणजे ग्रहगणिताच्या ज्योतिषात. वराहमिहिराने सहाव्या शतकात पंचसिद्धांतिका लिहिली, त्यात पौलिश, रोमक, वासिष्ठ, सौर आणि पैतामह असे पाच सिद्धांत एकत्र मांडलेत, आणि सुरुवातीलाच तो सांगून टाकतो की पौलिश अचूक आहे, रोमक त्याच्या जवळपास, सौर त्याहून स्पष्ट, आणि उरलेले दोन "दूरविभ्रष्ट", पार भरकटलेले. सिद्धांत भरकटलेला असू शकतो! एकाच वेळी पाच असू शकतात, त्यांची तुलना होऊ शकते, आणि ती कशावरून करायची तर आकाशात दिसतं त्याच्याशी जुळतं का यावरून. आपल्याकडे पंचांगवाल्यांचा त्याला खास शब्द आहे, दृक्प्रत्यय. गणिताने काढलेली ग्रहणाची वेळ आणि डोळ्याने दिसलेली वेळ जुळली तर गणित बरोबर, नाही तर आकडे सुधारा. माझ्या मते "प्रयोगाने पडताळणे" याच्यापेक्षा हा शब्द कितीतरी नेमका आहे.

आता "नियम". या शब्दाची अडचण वेगळी. सोसायटीचे नियम, वाहतुकीचे नियम, उपासाचे नियम, हे सगळे कुणीतरी घालून दिलेले असतात आणि मोडता येतात. त्यामुळे मुलांना वाटतं की न्यूटनने नियम केला आणि तेव्हापासून सफरचंदं तो पाळतात. मी रविवारी सोसायटीतल्या आठवी नववीच्या मुलांना घेऊन बसतो, तिथे एकाने खरंच विचारलं होतं, "काका, नियम यायच्या आधी काय व्हायचं?" सिग्नल तोडला तर दंड गाडीवाल्याला होतो, पण एखाद्या ग्रहाने नियम तोडला तर दंड नियमाला होतो, नियम बदलावा लागतो. एवढं सांगितलं की मुलांच्या डोक्यात लगेच उजेड पडतो.

आणि हे खरंच झालंय. युरेनस न्यूटनच्या गणिताप्रमाणे चालेना, तेव्हा फ्रान्समधल्या ल व्हेरिएने म्हटलं की पलीकडे अजून एक ग्रह असला पाहिजे, त्याची जागा कागदावर काढून दिली, आणि १८४६ च्या सप्टेंबरमध्ये बर्लिनच्या वेधशाळेत गाले नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला नेपच्यून त्या जागेपासून एका अंशाच्या आत सापडला. मग बुधाची कक्षा थोडी सरकते ते जुळेना, तर १८५९ मध्ये त्याच ल व्हेरिएने तीच युक्ती पुन्हा केली, सूर्याजवळ एक ग्रह असणार, नावसुद्धा ठरलं व्हल्कन. लोक वर्षानुवर्षं शोधत बसले, तो नव्हताच. शंभर वर्षांत ४३ विकला एवढा फरक, म्हणजे एका अंशाचा ऐंशीवा भागसुद्धा नाही, तो १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या सिद्धांताने जुळला. माणूस तोच, विचार करायची रीत तीच, एकदा ग्रह मिळाला आणि एकदा नियमच अपुरा निघाला, आणि कोणतं होणार हे आधी बसून ठरवता येत नाही. तरी आजही आपण "न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम" आणि "आइन्स्टाइनचा सापेक्षता सिद्धांत" असंच म्हणतो. जो कमी पडला तो नियम आणि ज्याने भरून काढलं तो सिद्धांत. मग वरची पायरी कुणाची? म्हणून म्हणतो शिडी डोक्यातून काढा.

मला यात सगळ्यात आवडता शब्द मात्र तिसराच आहे, उपपत्ती. जुन्या मराठी शास्त्रीय लेखनात थिअरीला उपपत्तीही म्हटलेलं सापडतं, आता मागे पडला बिचारा. पण बोलण्यात आहे अजून, "त्याच्या वागण्याची उपपत्ती लागत नाही" म्हणतो ना आपण, म्हणजे काय वागला ते दिसतंय पण का ते उलगडत नाही. थिअरीचं काम नेमकं हेच. गणितात उपपत्ती म्हणजे रीत बरोबर का येते त्याचं कारण. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणी लिहिला आणि त्यावर स्वतःच वासनाभाष्य लिहिलं, त्यात नुसती सूत्रं नाहीत, त्यांची कारणं आहेत. (चाळीसगावजवळ पाटणला १२०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे, त्यात त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, हा ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचं लिहिलंय आणि शेवटचा दानाचा भाग जुन्या मराठीत आहे. मुलांना एकदा नेऊन आणा.)

शब्द सांगून मुलांना फरक कळत नाही हा माझा अनुभव, करून दाखवावं लागतं. मी एक दोरा आणि लोखंडी नट घेतो, दाराच्या वरच्या कडीला बांधतो. आधी विचारायचं, जड नट बांधला तर झोका जोरात होईल की हळू? वहीत लिहायला लावायचं, खोडायचं नाही. बहुतेक जण लिहितात, जड असेल तर जोरात. हा झाला अंदाज, आणि तपासून बघण्यासाठी मांडला म्हणून परिकल्पना. मग कडीपासून नटाच्या मध्यापर्यंत २५ सेंटिमीटर दोरा, मोबाइलचं स्टॉपवॉच, जाऊन येऊन एक असे दहा झोके, साधारण दहा सेकंद. दुसरा नट अडकवला, मध्य तेवढ्यावरच राहील असा, तरी दहाच. पोरं परत मोजतात, त्यांना पटत नाही, परत दहाच. मग दोरा चौपट करायचा, एक मीटर, तर चाळीस होतील असं सगळे म्हणतात आणि येतात वीस. लांबी चौपट तर वेळ दुप्पट. हा नियम, मुलांनी स्वतः काढलेला, कुणी घालून दिलेला नाही.

आता का? वजनाचा फरक का पडला नाही? जड नटाला पृथ्वी जास्त ओढते हे खरं, पण तो हलवायलाही तेवढाच जास्त जड जातो, दोन्ही गोष्टी एकमेकांना खाऊन टाकतात. ही उपपत्ती. आणि एकदा एका मुलीने नट पार लांब ओढून सोडला, उभ्या रेषेपासून साठ अंश तरी असेल, आणि दहा झोक्यांना एकवीस सेकंद लागले. "काका, नियम मोडला!" मोडलाच होता, तो नियम छोट्या झोक्यांपुरताच आहे. पण गतीचे नियम आणि गुरुत्वाकर्षण यांची जी एकत्र मांडणी आपण कारण म्हणून वापरली तीच हेही सांगते की झोका मोठा झाला की वेळ वाढणार, आणि किती वाढणार तेही, साठ अंशाला सुमारे सात टक्के (आपला झोका मोजेपर्यंत कमी होत जातो म्हणून थोडं कमी आलं). नियम कुठपर्यंत चालेल हे नियमाला स्वतःला माहीत नसतं, ते सिद्धांताला विचारावं लागतं. बॉइलचं तसंच, कोंडलेल्या हवेचा १६६२ चा नियम, सिरिंजचं तोंड बोटाने बंद करून दांडा दाबला की हाताला कळतो, जागा निम्मी तर दाब दुप्पट. का, तर आतल्या रेणूंच्या टकरा त्याच भिंतीवर दुप्पट वेळा होतात. आणि दाब प्रचंड वाढवला तर नियम का चुकायला लागतो तेही रेणूंच्या त्याच विचारातून व्हॅन डर वाल्सने १८७३ मध्ये दाखवलं.

हायपोथेसिसला बरेच जण "गृहीतक" म्हणतात, मला ते बरोबर वाटत नाही. युक्लिडची गृहीतकं ठीक, ती मानूनच पुढे जायचं असतं. पण "मला गृहीत धरू नकोस" म्हणणाऱ्या भाषेत गृहीत म्हणजे न विचारता धरलेलं, आणि हायपोथेसिस तर विचारण्यासाठीच मांडतात. म्हणून परिकल्पना बरी. "तत्त्व", आर्किमिडीजचं वगैरे, त्याची काटेकोर व्याख्या शोधत बसू नका, एखादी गोष्ट मुळाशी धरून बाकीचं समजावता येतं तेव्हा तत्त्व म्हणतात, आणि तीच गोष्ट एका पुस्तकात नियम तर दुसऱ्यात सिद्धांत किंवा तत्त्व असू शकते, संवेग अक्षय्यतेचं (कॉन्झर्वेशन ऑफ मोमेंटम) बघा. नावं ज्या काळात पडली तशी राहिली.

तर ताई, मुलीला सांगा की परीक्षेत पुस्तकात जो शब्द छापलाय तोच लिही, मार्कांचा प्रश्न आहे. फक्त वहीत प्रत्येक नियमाच्या खाली एक ओळ रिकामी सोडायची, "उपपत्ती" असं लिहून. हूकच्या नियमाखालची माझ्याकडच्या मुलांची ती ओळ अजून रिकामी आहे, स्प्रिंग दुप्पट ताणली तर जोर दुप्पट का लागतो यावर गेले दोन रविवार वाद चालू आहे, आणि रबरबँड तो नियम नीट का पाळत नाही यावर तर त्याहून मोठा.